हे देवाकडूनच आले काय?



गेल्या काही महिन्यांत रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकच प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला. कुणी मोबाईल पुढे करून संदेश दाखवला : अमुक देशात पवित्र मातेने दर्शन दिले आहे, तीन दिवस काळोख पडणार आहे, आशीर्वादित मेणबत्त्या घरात ठेवा आणि हा संदेश दहा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल. कुणी प्रार्थनासभेत ऐकलेली भविष्यवाणी सांगितली. हे सारे ऐकत उभ्या असलेल्या एका आजींनी मात्र वेगळेच विचारले : “बाबा, यावर शंका घेतली तर पाप लागते का?”

आजींचा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला. म्हणून आजचे हे पान त्यासाठी.

असे संदेश काही नवीन नाहीत. मोबाईल येण्याआधी चर्चच्या बाकांवर संत ज्यूडच्या नावाने झेरॉक्स चिठ्ठ्या सापडत. इतक्या प्रती काढा, इतके दिवस ठेवा, साखळी तोडू नका. साधन बदलले, धाक तोच राहिला. संत ज्यूड हे आपले मोठे मध्यस्थ आहेत, परंतु झेरॉक्स काढली नाही म्हणून ते कुणावर कोपतील, असे त्यांच्याविषयी मानणे हाच त्यांचा अपमान आहे.

पारख करणे म्हणजे अविश्वास नव्हे

संत पौलाने थेस्सलनीका येथील भाविकांना दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. पवित्र आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका. आणि लगेच पुढे, सर्व गोष्टींची पारख करा व चांगले ते धरून ठेवा. संत योहाननेही प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, तो देवापासून आहे की नाही हे तपासा, असेच बजावले आहे. खुद्द पवित्र मरियेने देवदूताला, हे कसे होईल, असे विचारले होते. तिने होकार दिला तो विचारून, समजून घेऊन दिला. तेव्हा आजींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : प्रामाणिकपणे विचारणे हे पाप नाही. ती श्रद्धेचीच एक जबाबदारी आहे.

दुसरी गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात ख्रिस्तसभेने स्पष्ट केले आहे की, देवाचे प्रकटीकरण प्रभू येशू ख्रिस्तात पूर्ण झाले आहे. त्यानंतर कुणाला झालेली दर्शने ही ‘खाजगी प्रकटीकरणे’ होत. ती आपल्या श्रद्धेच्या ठेव्यात भर घालत नाहीत. एखाद्या काळात शुभवर्तमान अधिक चांगले जगायला ती मदत करतात, इतकेच. लूर्डची किंवा फातिमाची दर्शने न मानणारा माणूसही कॅथोलिकच राहतो. आपण ती मानतो, कारण ती आपल्याला प्रभूकडे नेतात.

लूर्ड येथे काय घडले?

पारख कशी होते हे पाहायचे तर लूर्डचे उदाहरण घेऊ या. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी चौदा वर्षांच्या बर्नादेत सुबिरूला पहिले दर्शन झाले. १६ जुलैपर्यंत अशी अठरा दर्शने झाली. तिचे वडील कामधंदा बुडालेले गिरणीवाले होते आणि कुटुंब एका जुन्या, बंद पडलेल्या तुरुंगाच्या खोलीत राहत होते. पोलीस अधिकाऱ्याने तिची उलटतपासणी केली. तेथील प्रमुख धर्मगुरू फादर पेरामाल यांनीही तिला सहजासहजी जवळ केले नाही. त्या स्त्रीचे नाव विचारून ये, असे सांगितले. त्याच वर्षी गावात आणखी काही जण आपल्यालाही दर्शन होते असे सांगू लागले. त्यांचे म्हणणे ख्रिस्तसभेने मान्य केले नाही.

तार्ब येथील बिशप लोरान्स यांनी जुलै १८५८ मध्ये चौकशी समिती नेमली. निर्णय आला १८ जानेवारी १८६२ रोजी, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षांनी. त्या काळात बर्नादेतचा जबाब बदलला नाही. लोकांनी देऊ केलेले पैसे तिने घेतले नाहीत. सांगणे हे आपले काम आहे, पटवून देणे नव्हे, अशी तिची भूमिका होती. पुढे ती नेव्हेर येथील मठात गेली. दम्याने आणि आजारांनी ती आयुष्यभर गांजली होती. १८७९ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी तिचे निधन झाले. ज्या झऱ्याने इतरांना आरोग्य दिले त्याच्याकडून तिने स्वतःसाठी काही मिळवले नाही.

तेथील आजारमुक्तीचे दावेही असेच तपासले जातात. बरे झाल्याचे ७,००० हून अधिक दावे लूर्डच्या वैद्यकीय कार्यालयाकडे नोंदले गेले आहेत. त्यांपैकी २०२५ पर्यंत ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केले ते केवळ ७२. बाकीचे खोटे होते असे कुणी म्हणत नाही. पण ‘चमत्कार’ हा शब्द ख्रिस्तसभा किती जपून वापरते, ते यावरून कळते.

संतही तपासले गेले

सोळाव्या शतकात स्पेनमधील कोर्दोबा येथे मादालेना दे ला क्रूझ नावाची मठवासिनी होती. तिच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटतात आणि ती पवित्र भाकरीखेरीज काही खात नाही, अशी तिची ख्याती होती. मोठमोठे लोक तिच्या पायाशी येत. अखेर तिने सारे बनावट असल्याचे कबूल केले आणि १५४६ साली तिला शिक्षा झाली. त्याच स्पेनमध्ये आविलाची संत तेरेसा होती. तिला दर्शने होऊ लागली तेव्हा एका धर्मगुरूने ती सैतानाची समजून, दर्शन होताच त्याला हेटाळणीची खूण कर, अशी आज्ञा दिली. तेरेसाला फार दुःख झाले, पण तिने आज्ञा पाळली. प्रभूचे असेल ते आज्ञापालनाने नष्ट होणार नाही, हा तिचा भरवसा होता.

या दोघींत फरक कोणता? एकीला लोकांचा मान हवा होता. दुसरी स्वतःच्या दर्शनांबद्दलही सावध होती. दर्शन सांगणारा तपासणीला घाबरतो की तिचे स्वागत करतो, हे पाहावे. त्याचा संदेश शुभवर्तमानाशी जुळतो की नाही, त्यातून पैसा किंवा सत्ता कुणाच्या हाती जाते, आणि तो आपल्या मनात प्रेम उत्पन्न करतो की भीती, हेही पाहावे.

आजचे नियम

१७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने याविषयी नवे नियम प्रसिद्ध केले. आता बिशप आणि रोम मिळून सहा प्रकारांपैकी एक निर्णय देतात. ‘हे अलौकिक आहे’ असे सामान्यतः जाहीर केले जात नाही. सर्वांत अनुकूल निर्णय म्हणजे ‘हरकत नाही’ : येथे प्रार्थना करण्यास अडचण नाही. मेजुगोरिये येथे १९८१ पासून दर्शने होत असल्याचे सांगितले जाते. त्याविषयी १९ सप्टेंबर २०२४ रोजी असाच निर्णय आला. तेथील भक्तीला परवानगी मिळाली. दर्शने अलौकिक आहेत, असे मात्र म्हटले नाही.

ही सावधगिरी का? ॲम्स्टरडॅमचे उदाहरण पाहा. तेथील कथित दर्शने अलौकिक नाहीत, असे रोमने १९७४ साली ठरवले होते. २००२ साली स्थानिक बिशपांनी ती खरी ठरवली. २०२० साली रोमने पुन्हा नकार कळवला. मधल्या काळात साध्या भाविकांनी कुणाचे ऐकावे?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दर्शन खोटे असले, पण तेथे जाऊन कुणी दारू सोडली, कुणी भावाशी समेट केला, तर काय म्हणावे? आम्हांला वाटते, ते फळ त्या माणसाच्या खऱ्या प्रार्थनेचे आणि देवाच्या कृपेचे आहे. देव आपल्या लेकरांची हाक कुठूनही ऐकतो. परंतु फळ गोड आहे म्हणून असत्य सांगत राहण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही. जो स्वतःला सत्य म्हणवतो, त्या प्रभूची सेवा असत्याने कशी होईल?

२०१२ साली मुंबईत विलेपार्ले येथील एका चर्चमध्ये क्रुसावरील ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी पाहणी करून हे जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी भिंतीतून चढत आहे, असे सांगितले. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. त्यांची भाषा काहींना बोचली असेल. तरीही आपण स्वतःला विचारावे : पाणी कुठून येते हे शोधणाऱ्याचा आपल्याला राग का यावा? आपली श्रद्धा त्या पाण्यावर उभी नव्हती.

एका मावशींची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका मावशींना मधुमेह आहे. बाहेरगावच्या एका सभेत प्रवचनकाराने त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितले की, प्रभूने मला दाखवले आहे, तू बरी झालीस, गोळ्या बंद कर. मावशींनी गोळ्या बंद केल्या. घरच्यांना सांगितले नाही. काही महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “माझाच विश्वास कमी पडला.”

बोटे गेल्यापेक्षा हे वाक्य आम्हांला अधिक लागले. चूक सांगणाऱ्याची होती आणि दोष मावशींनी आपल्या विश्वासाला दिला. प्रभूच्या नावाने खोटे बोलणारा माणूस असा दुसऱ्याच्या आत्म्यावर ओझे ठेवून निघून जातो. अलौकिक अनुभवांच्या नावाखाली माणसांवर सत्ता गाजवणे हा नैतिकदृष्ट्या विशेष गंभीर अपराध मानावा, असे २०२४ च्या नियमांतही सांगितले आहे, ते उगीच नव्हे.

दुसरी बाजूही आहे

म्हणून काय सारेच हसण्यावारी न्यायचे? नाही. वेलांकणीची परंपरा तोंडोतोंडी आपल्यापर्यंत आली. लूर्डसारखी चौकशी समिती तेथे बसली नव्हती. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये रोमने तंजावरच्या बिशपांना पत्र पाठवून त्या तीर्थस्थानातील भक्तीचे मनापासून कौतुक केले. ख्रिस्ती नसलेले असंख्य लोकही तेथे सांत्वन शोधतात, याचीही त्यात दखल आहे. आपल्या आयाबाया डोक्यावर ऊन घेत तेथे जातात, त्यांची थट्टा करणाऱ्याला पारख आली असे आम्ही म्हणणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असा संदेश आला तर तो लगेच पुढे पाठवू नये. ज्यात धमकी आहे तो तेथेच थांबवावा. शंका असल्यास प्रमुख धर्मगुरूंना विचारावे. डॉक्टरांचे औषध कुणाच्याही भविष्यवाणीवरून बंद करू नये. आणि शेजारी कुणी अशा वचनाने दुखावला असेल, तर त्याच्या घरी जाऊन बसावे.

आजी, शंका घेतली म्हणून पाप लागत नाही. जो प्रभू दर रविवारी वेदीवर भाकरीच्या रूपात आपल्याकडे येतो, तो दहा जणांना निरोप पाठवण्याची अट घालत नाही. पवित्र आत्मा आपणा सर्वांना विवेकाचे दान देवो.