आलेख आणि नाडी

हृदयाचा आलेख वाचणे हे केवळ कौशल्य आहे, की त्याबरोबर काही नैतिक भारही येतो, असा प्रश्न केल्यास पुष्कळांस तो चमत्कारिक वाटेल. मालवण-वेंगुर्ल्याच्या एखाद्या घरातून परिचारिकेचे शिक्षण घेण्यास गेलेल्या मुलीसही आरंभी तो निव्वळ गणिताचा विषय वाटतो. कागद सेकंदास 25 मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यावरील लहान घर 0.04 सेकंदाचे, मोठे 0.2 सेकंदाचे. ताल नियमित असेल तर दोन उंच शिखरांमधील मोठी घरे मोजून त्या संख्येने 300 ला भागावे, म्हणजे मिनिटाचे ठोके मिळतात. पहिली लहान लाट हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, मधले टोकदार शिखर खालच्या कप्प्यांचे, आणि शेवटची लाट त्यांच्या पूर्वस्थितीवर येण्याची. या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे देणारे डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांस 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु लिपी आली म्हणजे अर्थ कळला असे नव्हे. हा आलेख विजेचा आहे, जीविताचा नव्हे. कधी कागदावर शिखरे उमटत असतात आणि रुग्णास नाडी नसते. वीज वाहते, पण हृदय रक्त पुढे ढकलीत नाही. उलटपक्षी, रुग्ण दात घासू लागला तरी घातक तालाचा आभास उत्पन्न होतो. आणि छातीवरील चकती सुटली तर जिवंत माणसाची रेघ सपाट होते. आमच्या जुन्या वैद्यांनी नाडीस सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली. त्या उपमा आज प्रमाण मानण्याचे कारण नाही. परंतु त्या देणाऱ्याचे बोट रुग्णाच्या मनगटावर होते, हे विसरून चालणार नाही. कागद वाचून झाल्यावर माणसाकडे पाहिले नाही, तर ते वाचन अपुरेच होय.

कोणी म्हणेल, अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम. परिचारिकेने आलेख काढून द्यावा, इतकेच. या आक्षेपास अनुभवाने उत्तर दिले आहे. 1962 च्या सुमारास अमेरिकेत हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष निघू लागले. घातक ताल सुरू झाल्यावर हाती थोडीच मिनिटे असतात, आणि त्या वेळी खाटेजवळ असते ती परिचारिका. म्हणून तिला ताल ओळखण्यास, आणि पुढे विजेचा धक्का देण्यासही शिकविण्यात आले.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तर हा विचार अधिकच लागू पडतो. येथील गंभीर हृदयरुग्णास पुष्कळदा गोव्यातील बांबोळीपर्यंत न्यावे लागते. रात्रीच्या वेळी लहान रुग्णालयात आलेखावर पहिली नजर परिचारिकेचीच पडण्याचा संभव असतो. ज्यास वाचता येत नाही त्यास अज्ञानाची सबब आहे. जिला येते, तिला ती उरत नाही. 'सकाळी डॉक्टर पाहतील' म्हणून तिने कागद बाजूस ठेवला, तर तिचे ज्ञानच तिच्याविरुद्ध साक्ष देईल. वादळाचे चिन्ह ओळखूनही तांडेल गप्प राहिला, तर मालवणच्या किनाऱ्यावर त्यास कोण क्षमा करील?

तिचा तर्क चुकीचाही ठरेल. म्हणून तिने निदानाचा आव आणू नये. प्रथम रुग्णाची नाडी पाहावी, आणि शंका राहिल्यास डॉक्टरांस झोपेतून उठविण्यास कचरू नये. हे धैर्य शिकविल्यावाचून आलेख शिकविणे पुरे झाले, असे आम्हांस वाटत नाही.