ईस्टरचे पन्नास दिवस आणि १ मेचा निकाल

२०२५ साली महाराष्ट्रात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात ठरल्या आणि ईस्टर आला २० एप्रिलला. वसईतल्या कॅथलिक प्राथमिक शाळांसाठी तो आठवडा चमत्कारिकच होता. शुक्रवारी ख्रिस्ताच्या मरणाची सुट्टी, रविवारी पुनरुत्थानाचा सण आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पेपर. त्यातच सोमवारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आदल्या दिवशी रोममध्ये सज्जातून त्यांनी जगाला ईस्टरचा आशीर्वाद दिला होता. मृत्यूवरच्या विजयाचा सण उलटून एक दिवस झाला नाही, तोच मृत्यूबद्दल मुलांशी बोलायची वेळ आली. आणि बोलायचं कधी, तर गणित आणि परिसर अभ्यासाच्या पेपरांच्या मधल्या वेळात.

ईस्टर आणि परीक्षा यांची गाठ दरवर्षी थोड्याफार फरकानं पडते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यानच येतो. त्याआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ शाळेच्या शेवटच्या सत्रात बसतो. ईस्टरपासून पेंटेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या सणापर्यंतचे पन्नास दिवस मात्र परीक्षा, निकाल आणि मे महिन्याची सुट्टी यांत विरून जातात.

प्रायश्चित्तकाळ शाळा मनापासून पाळते. राखेच्या बुधवारी मुलांच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटतो. ही राख बहुधा गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांची प्रार्थना होते, एकेका स्थानापाशी एकेक वर्ग उभा राहतो. खाऊचे पैसे वाचवून पेटीत टाकायचे, हे तर पहिलीतल्या मुलालाही पटकन कळतं. १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया ही कॅथलिक मदतसंस्था दरवर्षी याच काळात मदतमोहीम चालवते. आयर्लंडमध्ये तर ‘ट्रोकेरा’ संस्थेची पुठ्ठ्याची छोटी पेटी प्राथमिक शाळेतल्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीचा भाग झाली आहे.

काही शाळांत पवित्र सप्ताहाच्या तोंडावर शिक्षक मुलांचे पाय धुतात. स्टीलचं घमेलं, तांब्या, खांद्यावर टॉवेल. एरवी ज्यांच्या आवाजानं वर्ग चिडीचूप होतो, त्या बाई गुडघे टेकून बसतात. समोरच्या पोराच्या टाचेला मैदानावरची लाल माती चिकटलेली असते, गार पाणी पडताच तो बोटं आखडून घेतो आणि शेजारच्याकडे बघून हसू दाबतो. २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि चर्चमधल्या या विधीत स्त्रियांनाही अधिकृतपणे स्थान मिळालं. ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले, त्या पवित्र गुरुवारचा अर्थ उलगडायला या एका कृतीइतकं थेट साधन शाळेकडे दुसरं नाही.

आणि मग ईस्टर येतो. शाळा गप्प होते.

याला केवळ वेळापत्रक कारण आहे, असं म्हणून भागणार नाही. त्याग मोजता येतो. पेटीतले पैसे मोजता येतात, न खाल्लेली चॉकलेटं मोजता येतात, चौदा स्थानं एकामागून एक पार करता येतात. शाळेला मोजता येण्याजोग्या गोष्टींची सवय असते. आनंदाचं तसं नसतं, कुणी सांगितलं म्हणून तो होत नाही. खरं तर चर्चच्या पंचांगात दुःखाच्या चाळीस दिवसांपेक्षा आनंदाचे दिवस जास्त आहेत, पूर्ण पन्नास. ईस्टरच्या आदल्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पेटवलेली मोठी पास्का मेणबत्ती, जिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे आणि धूपाचे पाच दाणे असतात, ती पेंटेकॉस्टपर्यंत प्रत्येक मिस्सेला जळत राहते. पण ती चर्चमध्ये असते. शाळेच्या आवारात, चर्चपासून चार पावलांवर, तिची खूण दिसत नाही.

अडचण आणखी एक आहे आणि ती प्रामाणिक आहे. पैसे वाचवून गरजूंना देणं कोणत्याही घरातल्या मुलाला आपलं वाटू शकतं. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, हे मात्र श्रद्धेचं विधान आहे. वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन घरांतली मुलं असतात. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०२४ साली आपल्या शिक्षणसंस्थांना स्वतःहून सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा. हे योग्यच झालं. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला श्रद्धा म्हणता येणार नाही.

मग पुनरुत्थानाचं शाळेनं करायचं काय? सोपी वाट म्हणजे रंगवलेली अंडी आणि कागदाचे ससे. कुणाचं मन दुखावत नाही, फलकही छान सजतो. पण त्यात ख्रिस्ती मुलांना सणाचा गाभा मिळत नाही आणि इतरांना आपल्या मित्राच्या श्रद्धेची ओळखही होत नाही. दोघांच्याही पदरात कमीच पडतं.

शुभवर्तमानातल्या पुनरुत्थानानंतरच्या कथा नीट वाचल्या तर वेगळं काही हाती लागतं. उठलेला ख्रिस्त त्याला शिक्षा देणाऱ्या पिलाताकडे जात नाही. ज्यांनी क्रूसावर चढवलं, त्यांच्यापुढे उभा राहून आपलंच खरं ठरलं असं ठणकावत नाही. तो बागेत रडणाऱ्या मरिया या शिष्येला नावानं हाक मारतो. थोमाला शंका असते, जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणतो, तर त्याच्यापुढे हात धरतो. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी दरवर्षी हीच कथा वाचली जाते. परंपरेप्रमाणे भारतात आलेला प्रेषित तो हाच शंका घेणारा थोमा, हे इथल्या मुलांना आवर्जून सांगावं.

आणि मग किनाऱ्यावरची न्याहारी. सात शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं परततात. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी उजवीकडे जाळं टाकायला सांगतो आणि १५३ मोठे मासे लागतात. वसईतल्या पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या मुलाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. खेप वाया गेल्यावर घरात कसं वातावरण असतं, हे त्याला ठाऊक असतं. किनाऱ्यावर निखारे पेटलेले असतात, त्यावर मासे, शेजारी भाकर. मरणावर मात केलेला देव दमलेल्या माणसांसाठी न्याहारी रांधतो, यापेक्षा मोठा चमत्कार त्या कथेत सांगितलेला नाही.

त्या निखाऱ्यांपाशी शिष्यांपैकी पेत्र बसलेला असतो. काही दिवसांपूर्वी प्रमुख याजकाच्या अंगणात, अशाच निखाऱ्यांपाशी हात शेकताना, त्यानं ख्रिस्ताबद्दल तीनदा ‘मी याला ओळखत नाही’ म्हणून सांगितलं होतं. आता त्याला तीनदा विचारलं जातं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवलं जातं, मेंढरं सांभाळायचं. चूक झाकली जात नाही, तिच्याबद्दल सज्जड दमही मिळत नाही. सगळ्यांत वाईट रीतीनं नापास झालेल्या माणसावर सगळ्यांत मोठी जबाबदारी येते.

वसईच्या ख्रिस्ती माणसाला या कथा मराठीत मिळाल्या, हा मोठा ठेवा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं. म्हणूनच वर्गातल्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन धर्मांच्या मुलांना पेत्राची गोष्ट एकाच भाषेत ऐकता येते. एकानं ती श्रद्धेनं ऐकावी, दुसऱ्यानं गोष्ट म्हणून.

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांचा निकाल परंपरेनं १ मे रोजी लागतो. झेंडावंदन, महाराष्ट्र दिनाचं भाषण आणि मग वर्गावर्गांतून प्रगतिपुस्तकं. १९५५ पासून हाच दिवस कॅथलिक चर्च कामकरी संत योसेफाचा सण म्हणून पाळतं. ईस्टर कितीही लवकर किंवा उशिरा आला, तरी १ मे पन्नास दिवसांच्या आतच पडतो. म्हणजे कॅथलिक शाळेचा निकाल नेहमी पुनरुत्थानकाळातच लागतो. याचा विचार फारसा कुणी केलेला दिसत नाही. कपाळावर राख लावणारी, पाय धुणारी शाळा निकालाच्या दिवशी मात्र चारचौघींसारखी वागते. पहिल्या तीन क्रमांकांची नावं फळ्यावर, टाळ्या, फोटो. मागच्या बाकावरचं मूल प्रगतिपुस्तक दप्तरात खुपसून फाटकाबाहेर पडतं.

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं नियम बदलले आणि पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणं पुन्हा आवश्यक झालं. नापास मुलाला जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षेची संधी आहे, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. या मुलाशी शाळा १ मेला कशी बोलते, यावरून तिचा ईस्टर पारखता येईल. त्याला नावानं हाक मारणं, काय चुकलं ते आडपडदा न ठेवता त्याच्या आईबापांसमोर सांगणं, ‘मला येतच नाही’ ही त्याची शंका हसण्यावारी न नेणं, आणि जूनमध्ये परत येईल तेव्हा त्याच्याकडे वर्गातलं एखादं विश्वासाचं काम देणं: वाचनकोपऱ्याच्या किल्ल्या, पहिलीतल्या मुलांना हात धरून वर्गात नेणं. यासाठी धर्मशिक्षणाचा तास लागत नाही, कुणाच्या पालकांची संमती लागत नाही, संविधानाची कुठलीही मर्यादा ओलांडली जात नाही. निकालाआधीच्या शिक्षकसभेत मुख्याध्यापिकेनं गुणवत्ता यादी बाजूला ठेवून नापास मुलांची दुसरी यादी आधी वाचायला घेतली आणि प्रत्येक नावापुढे एकेका शिक्षकाचं नाव लिहून घेतलं, तर सुरुवात तेवढ्यानंही होते.