सही बापाची, दंड त्याचा

गोव्यातल्या मोरजीत घरोघरी रक्तदाब आणि साखरेची पाहणी करू पाहणारी भाची, आणि एथिक्स कमिटीत सामान्य नागरिकांच्या वतीने बसणारे तिचे मामा, निवृत्त शिक्षक. प्रस्तावातल्या एका ओळीवर दोघं अडली.

भाची: मामा, ‘संमती देण्यास असमर्थ व्यक्ती वगळल्या जातील’ ही ओळ मला काढायची आहे. गाईड म्हणतात, राहू दे, मंजुरी लवकर मिळते.

मामा: काढू नकोस. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत 1956 पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून प्रयोग झाले. आईबापांच्या सह्या होत्या त्यावर! पुढे तर संस्थेत जागा नसायची, प्रयोगाच्या वॉर्डात मात्र मिळायची. आईबाप काय करणार? आपल्याकडे 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली. ते संशोधन नव्हतं, पण निर्णय त्या मुलींचा नव्हता.

भाची: म्हणून त्यांना कायमचं बाहेर ठेवायचं? डाऊन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर इतरांपेक्षा खूप लवकर गाठतो. तरी लेकानेमॅब या नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीत त्यांना घेतलं नव्हतं. मग डॉक्टरांनी ते त्यांना द्यायचं कशाच्या आधारावर? आपल्या टेंबाच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला येतो ना तो, त्यालाही डाऊन सिंड्रोम आहे, चाळिशीला आला. त्याची साखर कुणी तपासलीय कधी?

मामा: आरोग्य शिबिरात आणलं होतं त्याला. मी तिथेच होतो. नर्सने दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. पट्टा फुगायला लागला तसा त्याने तो ओढून काढला आणि हात पाठीमागे नेला. बाप ‘घ्या, घ्या’ म्हणत तो हात पुन्हा पुढे ओढत होता. तुझ्या कागदावर बापाची सही असेल, तर तू कुणाचं ऐकशील?

भाची: त्याचं. आधी पट्टा बापाच्या दंडाला बांधून दाखवीन, मग त्याच्या हातात देईन, हाताळू दे. माहितीपत्रक चित्रांचं करीन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 6 हेच मागतं: त्या व्यक्तीची स्वतःची संमती, तिला समजेल अशा मार्गाने. शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची परवानगी, जिच्यात किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे.

मामा: आणि जो बोलत नाही, चित्रही ओळखत नाही, तो? कायदा शब्दशः पाळला तर तो कुठल्याच अभ्यासात येणार नाही. सैल सोडला तर विलोब्रुकची वाट मोकळी.

भाची: त्याच्यासाठी अट घालू. धोका नगण्य हवा, आणि फायदा त्याच्यासारख्यांनाच व्हायला हवा.

मामा: नगण्य कुणाच्या लेखी? सुईचा एक टोच तुला काहीच नाही. त्याची रात्र त्यात जाईल. हे त्याच्या आईला कळतं. आमच्या कमिटीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, मी आहे. अशी एकही आई नाही.

भाची: मग ओळीचं काय करू?

मामा: काढ. तिच्या जागी लिही: सही कुणाचीही असो, त्या माणसाने हात मागे घेतला की तपासणी थांबेल. चित्रपत्रक जोड, त्या समितीची परवानगी आण. माझं मत तुझ्या बाजूने. जो सांगूच शकत नाही त्याच्याविषयीचा भाग मात्र, अशा घरातल्या आया आमच्यासमोर येऊन बोलेपर्यंत, मी मंजूर करणार नाही.