आधी समोरच्याचं वाक्य

न्यायशास्त्रात वादात हरण्याच्या २२ जागा सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात, आणि अक्षपाद गौतमाची न्यायसूत्रं त्यांच्याच वर्णनापाशी संपतात. त्यातलं एक निग्रहस्थान 'अननुभाषण'. समोरच्याने आपलं म्हणणं तीनदा मांडलं, सभेला ते कळलं, तरीही उत्तर देणाऱ्याला ते परत म्हणून दाखवता आलं नाही, तर तो तिथेच हरला. भाष्यकार वात्स्यायन याचं कारण सांगतात, तेही साधं आहे. समोरच्याचं म्हणणं उच्चारलंच नाही, तर खंडन नेमकं कशाचं करणार?

आज मोबाइलवर आपण दिवसभर वाद घालत असतो. सोसायटीचा गट, शाळेतल्या जुन्या वर्गाचा गट, भावकीचा गट, पुस्तकांवर बोलणारा एखादा गट. तिथे कुणी कुणाला दिसत नाही. चेहऱ्यावरची रेघ नाही, आवाजाचा चढउतार नाही, मध्येच "थांबा, मला असं म्हणायचं नव्हतं" म्हणण्याची सोय नाही. समोरच्याच्या हाती फक्त आपली अक्षरं असतात. म्हणून उत्तर लिहिण्याआधी त्याचं वाक्य जसंच्या तसं समोर ठेवणं हा मला तिथला सगळ्यात मोठा शिष्टाचार वाटतो. सुप्रभाताची फुलं पाठवावीत की नाहीत, रात्री अकरानंतर लिहावं की नाही, हे सगळं त्यानंतरचं.

संगणकावर चर्चा करणाऱ्यांना ही गरज फार लवकर जाणवली होती. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ते सुरू झालं. त्यात एका ठिकाणी लिहिलेला मजकूर एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा सरकत जायचा. त्यामुळे कधीकधी मूळ पत्र पोचायच्या आधी त्याला आलेलं उत्तरच वाचकापुढे यायचं. उत्तर आहे, पण कशाला ते ठाऊक नाही! म्हणून लोक मूळ ओळ उतरवून घेऊ लागले, आणि ती दुसऱ्याची आहे हे कळावं म्हणून तिच्या डोक्याशी > असं टोकदार चिन्ह देऊ लागले. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली निघाली. तिच्यात हे सगळं स्पष्टच सांगितलं आहे. उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश वर द्या, किंवा संदर्भ कळेल इतकाच भाग उतरवा, अख्खं पत्र मात्र उतरवू नका.

त्यातला शेवटचा भाग फार कमी लोक पाळतात. कार्यालयातल्या ईमेलमध्ये तर खाली आठ-दहा जुनी पत्रं लटकलेली असतात आणि वर नुसतं 'सहमत'. कोणत्या मुद्द्याशी सहमत, हे शोधायचं काम वाचणाऱ्याच्या गळ्यात. गौतमांनी पुनरुक्तीलाही निग्रहस्थान मानलं आहे, पण अनुवाद, म्हणजे काही हेतूने केलेला पुनरुच्चार, त्यातून वगळला आहे. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं आहे तेवढंच पुन्हा म्हणणं हा अनुवाद. सगळंच पुन्हा म्हणणं ही नुसती पुनरुक्ती.

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण एखादा संदेश उजवीकडे सरकवतो आणि त्याला उत्तर देतो. वर एक छोटी चौकट येते. सोय उत्तम आहे, पण तिची मर्यादा ओळखून वापरायला हवी. त्या चौकटीत मूळ संदेशाच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. आपलं उत्तर सहाव्या ओळीला असलं, तरी वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीला दिल्यासारखं भासतं. अशा वेळी हवं ते वाक्य उतरवून घ्यावं. ओळीच्या आरंभी तेच जुनं > चिन्ह आणि एक जागा सोडून वाक्य ठेवलं, की २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपही ते अवतरण म्हणून वेगळं दाखवतं. पाच-दहा सेकंदांचं काम आहे.

तेवढी सेकंदं न दिल्याने काय होतं, ते एका गृहसंकुलाच्या गटावर पाहिलं. एप्रिलचे दिवस, नळाला एक दिवसाआड पाणी, टँकर रोज. त्याचा खर्च कसा वाटून घ्यायचा यावर एका काकूंनी लिहिलं होतं, "टँकरचे पैसे प्रत्येक फ्लॅटमागे सारखे न घेता घरातल्या माणसांप्रमाणे घ्यावेत असं मला वाटतं. पण ज्यांच्या घरी अंथरुणावरचं माणूस किंवा तान्हं बाळ आहे त्यांच्यावर जास्तीचा बोजा नको. रविवारच्या सभेत यावर बोलूया." यावर चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं, "म्हणजे आम्ही सहा जण एकत्र राहतो हा आमचा गुन्हा का? ज्यांच्या घरात दोनच माणसं आहेत त्यांनी आम्हाला पाण्याचे धडे देऊ नयेत." चौकटीत काकूंचं पहिलं वाक्य तेवढं दिसत होतं. संध्याकाळी कामावरून परतलेल्यांनी गट उघडला, त्यांनी मागे जाऊन मूळ संदेश वाचलाच नाही. त्यांनी चौकट वाचली, उत्तर वाचलं आणि आपापली बाजू घेतली. तासाभरात चर्चा एकत्र कुटुंब विरुद्ध सुटं कुटुंब अशी होऊन बसली. टँकर कुठल्या कुठे गेला.

त्या गृहस्थांच्या आई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. काकूंनी दुसरं वाक्य लिहिलं ते बहुतेक त्यांच्याच घराकडे पाहून. हे लक्षात आलं तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला. तिने कुणाला काही सुनावलं नाही. काकूंचं दुसरं वाक्य उतरवून घेतलं आणि खाली एवढंच विचारलं, "दादा, हे आजींनाच लागू होईल ना?" बराच वेळ गटावर कुणी काही बोललं नाही. मग गृहस्थांनी लिहिलं की तो भाग त्यांच्या वाचनात आला नव्हता. वाद मिटला असं म्हणता येणार नाही. माणशी की फ्लॅटमागे यावर रविवारी चांगली खडाजंगी झाली, आणि तशी ती व्हायलाच हवी होती, कारण प्रश्न खरा होता. पण ती काकूंनी जे म्हटलं होतं त्यावर झाली.

मूळ वाक्य उतरवतानाही सांभाळून उतरवावं लागतं. दुसऱ्याचं वाक्य छाटताना पहिला बळी जातो तो 'पण'चा. त्यामागून 'कदाचित', 'माझ्या मते', 'जर', 'काही वेळा' हे सगळे. माणूस विचार करून लिहितो तेव्हा याच शब्दांनी तो आपल्या म्हणण्याला कुंपण घालतो, इथवरच माझा दावा आहे असं सांगतो. ते गाळून उरलेलं वाक्य अक्षराने त्याचंच असतं आणि अर्थाने मुळीच नसतं. याला आपल्याकडे छल म्हणत. वात्स्यायनांनी दिलेलं उदाहरण मराठी कानालाही लगेच कळतं. कुणी म्हणालं, या मुलापाशी नवकंबल आहे. त्याला म्हणायचं होतं नवं कांबळं. दुसरा म्हणतो, नऊ कांबळी कुठे आहेत, मला तर एकच दिसतं! असं उत्तर देणारा जिंकल्यासारखा दिसतो, पण बोलणं तिथेच बंद पडतं. ज्याला नव्या कांबळ्याबद्दल काही सांगायचं होतं, तो पुन्हा तोंड उघडत नाही. गटागटांतून शहाणी, मोजकं बोलणारी माणसं गप्प होत जातात त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

निग्रहस्थानांची यादी वाचताना आजचे गट डोळ्यांपुढे उभे राहतात. स्वतःवरचा आक्षेप खोडून न काढता "आणि तुमच्या कमिटीच्या वेळी काय झालं होतं?" असं विचारणं, ही मतानुज्ञा. समोरच्याला दोष देण्याच्या भरात आपण आपला दोष मान्य करून टाकतो. अडचणीचा प्रश्न आला की कामाचं निमित्त काढून चर्चा अर्धवट टाकणं, हा विक्षेप. खरोखरच काम असलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा "तुमचा दुसरा मुद्दा वाचला, रात्री लिहितो" एवढं म्हणावं आणि रात्री लिहावं.

हे नियम ज्या वादासाठी होते त्याचे प्रकारही न्यायसूत्रांत वेगळे केले आहेत. जिंकण्यासाठी चाललेला जल्प, स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडत राहणारी वितंडा, आणि तत्त्व कळावं म्हणून होणारा वाद. हा शेवटचा गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि कल्याण इच्छिणारे यांच्याशी करावा, आणि मनात असूया नसलेल्यांशी करावा असं गौतम सांगतात. सोसायटीतले शेजारी किंवा शाळेतले सोबती सहाध्यायींहून फार वेगळे नसतात. उद्या लिफ्टमध्ये त्यांच्याशीच गाठ आहे.

पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी दमदारपणे मांडायचा ही रीत आपल्या लेखनात खोल मुरलेली होती. लोकमान्यांचं 'गीतारहस्य' घ्या. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ कर्मयोगाच्या बाजूचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातलं आधिभौतिक सुखवादाचं प्रकरण वाचताना जाणवतं की जे मत पुढे खोडायचं आहे, तेही टिळक पायरीपायरीने उभं करतात. निव्वळ स्वार्थापासून पुष्कळांच्या पुष्कळ सुखापर्यंत ते कसं चढत गेलं, प्रत्येक पायरीला कुठलं बळ मिळालं, हे आधी सांगतात. मग टीका. तुरुंगातल्या माणसाला कागदाची चैन नसते, तरी त्यांनी विरोधकाच्या वाट्याची पानं त्याला दिली.

आपल्याला मोबाइलवर प्रकरण लिहायचं नाही. एक ओळ पुरते. "तुमचं म्हणणं मला असं कळलं: वाचनालयाची वेळ वाढवायला हरकत नाही, पण वाढीव वेळेचा पगार आधी ठरवावा. बरोबर?" समोरचा "बरोबर" म्हणाला की पुढे खुशाल विरोध करावा, कडक करावा. आपलं नीट ऐकलं गेलं आहे हे कळलेला माणूस कडक विरोध सहन करतो, हा अनुभव पुष्कळांचा असेल.

एका गटातलं दुसऱ्या गटात नेणं, हा प्रकार मला फार खटकतो. पडद्याचा फोटो काढून "पाहा, हे असं लिहितात" म्हणून भलत्याच लोकांपुढे टाकायचं. ज्याचं वाक्य आहे तो तिथे नसतो, म्हणजे दुरुस्ती करायलाही कुणी नाही. घरातल्या माणसाने भावकीच्या गटावर हळवं होऊन लिहिलेलं चारचौघांत जाऊ नये. न्यायचंच असेल तर त्याला विचारावं, आणि तो नको म्हणाला तर तो विषय तिथेच सोडावा. विचारायला लाज वाटत असेल तर ते नेण्याजोगं नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे.

एकाच वेळी दोन विषय चालू असतील तेव्हा तर संदेश जोडल्याशिवाय लिहूच नये. शाळेच्या गटावर सकाळी एकाच्या वडिलांच्या निधनाची बातमी येते, पाठोपाठ दुसऱ्याच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाल्याची. "फार वाईट झालं" आणि "अभिनंदन, पेढे हवेत" एकाखाली एक पडत जातात. ज्याचे वडील गेले तो हे सगळं क्रमाने वाचतो. आपण बोट उजवीकडे सरकवून त्याच्याच संदेशाखाली ते दोन शब्द ठेवले, तर निदान ते त्याचे होतात.

राहिले बोलून पाठवलेले संदेश. ज्यांना टंकायला जमत नाही किंवा डोळ्यांनी दिसत नाही, ती मोठी माणसं बोलून पाठवतात, आणि तीन-चार मिनिटांचं ते बोलणं कुणी पूर्ण ऐकत नाही. त्यातलं वाक्य उतरवून घेता येत नाही, म्हणून त्याला उत्तरही येत नाही. एका गटात एक निवृत्त शिक्षक असं बोलून पाठवतात आणि त्यांच्या शेजारचा एक तरुण ऐकून खाली लिहितो, "सरांचं म्हणणं थोडक्यात: मागच्या फाटकाचा रखवालदार काढू नये, त्याऐवजी पुढच्या फाटकावर कॅमेरा लावावा. सर, बरोबर उतरवलं ना?" परवा सरांनी लगेच दुसरा संदेश बोलून पाठवला, अगदी छोटा. "बाकी ठीक. पण कॅमेरा बसेपर्यंत रखवालदार काढू नये असं म्हणालो मी. नंतर काढायला हरकत नाही." तरुणाने वरची ओळ दुरुस्त केली, आणि मग लोकांची उत्तरं यायला लागली.