न मागितलेल्या कामाचे ऋण

माणसाने दुसऱ्याला दिलेला शब्द मोडला, तर जग त्याला जाब विचारते. परंतु स्वतःलाच दिलेला शब्द मोडला, तर त्याने नेमका कोणाचा अपराध केला? धनको तोच आणि ऋणकोही तोच. मग कर्ज बुडाले असे तरी कसे म्हणावे? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. परंतु कोणी न सांगितलेले काम आपण होऊन अंगावर घेण्याची ज्याला सवय आहे, त्याला तो वारंवार भेटतो, आणि तेव्हा तो हसण्यावारी नेता येत नाही.

मी डिझाइनचा विद्यार्थी आहे. माणसाच्या नित्याच्या वापरातील वस्तूंची घडण विचारपूर्वक ठरवण्याची विद्या मी शिकतो. या शिक्षणात दोन प्रकारची कामे वाट्याला येतात. एकात काय करायचे आणि केव्हा आणून द्यायचे हे शिक्षकांनी ठरवलेले असते. दुसऱ्यात विषय आपला, रीत आपली आणि मुदतही आपलीच. पहिली कामे रडतखडत का होईना, पुरी होतात. दुसरी मोठ्या उत्साहाने सुरू होतात आणि पुष्कळदा वहीच्या दहाव्या-बाराव्या पानावर थांबतात. याचे कारण आळस, असे म्हणणे सोपे आहे. पण तोच विद्यार्थी सांगितलेल्या कामासाठी रात्ररात्र जागत असतो, त्याचे काय?

आमच्या परभणीविषयी निजामी अमदानीतली एक म्हण सांगतात: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच! परभणीकर ही म्हण अभिमानाने सांगतो, कारण कोठेही न जमलेल्या माणसाला पोटाशी धरणाऱ्या गावाचे औदार्य तिच्यात आहे. स्वतः निवडलेल्या कामांच्या बाबतीत मात्र हीच म्हण घातक ठरते. हातातले काम अडले, की त्याच्या पाठीमागे अशी एक परभणी उभी दिसते: नवी, मोकळी, अजून सुरू न केलेली कल्पना. सुरू न केलेल्या कामाइतके देखणे काम जगात दुसरे नाही, कारण त्यातली एकही रेघ अजून चुकलेली नसते. माणूस तिकडे वळतो, आणि शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या अशी त्याची गत होते.

यावर तत्त्वज्ञांनी विचार केलेला नाही असे नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हा पेच स्पष्ट मांडला आहे. बांधणारा आणि बांधला जाणारा एकच असेल, तर बांधणारा वाटेल तेव्हा गाठ सोडू शकेल. मग ते बंधन कसले? त्याचे उत्तर असे, की माणूस दोन नात्यांनी पाहावा लागतो. त्याच्यातला एक विवेकाने नियम घालणारा, आणि दुसरा त्या नियमाखाली वावरणारा देहधारी जीव. उत्तर थोर आहे, याविषयी शंका नाही. परंतु रात्री अकरा वाजता डोळे मिटू लागले, म्हणजे हे दोघे फार लवकर एकमेकांशी समेट करतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून मला या ऋणाचा धनको माझ्याबाहेर शोधावासा वाटतो.

तो शोधताना मला आमच्याच गावचे बी. रघुनाथ आठवतात. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. १९१३ साली परभणी जिल्ह्यातील सातोना येथे त्यांचा जन्म झाला. हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली, आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीत काम करीत असतानाच त्यांना मृत्यू आला. वय अवघे चाळीस. एवढ्या आयुष्यात त्यांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. कचेरीतल्या कामाला साहेब होता, हजेरी होती, पगार होता. कवितेला यांतले काहीच नव्हते. ती पुरी करा असे त्यांना कोणी बजावले होते? ज्या राज्यात दरबारची भाषा उर्दू, तेथे मराठीत लिहिण्याचा आग्रह सरकार तर धरणारच नव्हते. तरीही ते लेखन झाले. मला वाटते, निजामी राजवटीतल्या मराठवाड्याचे जे जगणे ते पाहत होते, त्या जगण्याचेच ते देणे होते. भोवतालच्या माणसांकडून त्यांनी आपल्या लेखनाचे द्रव्य उचलले होते, आणि उचललेले परत करावे लागते. आज परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह उभे आहे. त्या कारकुनीतल्या कागदांची मात्र कोणाला याद नाही.

एवढ्या मोठ्या माणसानंतर आपले उदाहरण देणे धाडसाचे आहे, पण मुद्दा त्याशिवाय स्पष्ट होत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तीन कामे आपण होऊन घेतली. बाजारातल्या जुन्या रंगवलेल्या पाट्यांची अक्षरे उतरवून घ्यायची, ज्वारीच्या धाटांची खेळणी करायची, आणि खुरप्याची मूठ सुधारायची. बायका दिवसभर उकिडव्या बसून खुरपतात. मूठ मात्र कोणाच्या तळहाताला बसो न बसो, एकाच मापाची असते. जवळच्या एका गावी मी काही बायकांच्या तळहातांची मापे कागदावर उतरवून घेतली. मजुरीची वेळ मोडून त्यांनी घट्टे पडलेले हात माझ्यापुढे धरले. निघताना त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या, “बाळा, मूठ झाली की आम्हाला आणून दाखीव.” त्या क्षणापासून ते काम माझ्या एकट्याच्या मर्जीचे राहिले नाही. निवड माझी होती; पण मापे त्यांची होती.

शेतकऱ्याचेही असेच नसते काय? वापसा येईपर्यंत रानात काय पेरावे हे तो ठरवू शकतो. हरभरा की ज्वारी, हा निर्णय सर्वस्वी त्याचा. बी एकदा मातीत गेले, की पुढचे वेळापत्रक पीक ठरवते. स्वातंत्र्य पेरणीपर्यंत; त्यानंतर राखण. मात्र राखण म्हणजे उगवलेले प्रत्येक रोप जपणे असेही नव्हे. ज्वारी उगवून दहा-बारा दिवस झाले, की विरळणी करतात. उपटलेली रोपे काही रोगट नसतात. चांगली, हिरवीगार असतात. ती ठेवली तर साऱ्यांचीच उपासमार होते. आमच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण दिले. अशा वाणासाठी जेवढी रोपे राखली जातात, त्यांच्या कितीतरी पटींनी नाकारली जातात.

तेव्हा काम सोडणे हे स्वतःच पाप नाही. ते कसे सोडले, यावर सारे अवलंबून आहे. विरळणी ठरावीक वेळी, डोळे उघडे ठेवून करतात. दुर्लक्षाने पीक वाळले, तर त्याला कोणी विरळणी म्हणत नाही. धाटांची खेळणी मी सोडली, ती वहीत तारीख आणि कारण लिहून. त्यांच्यासाठी मी कोणाकडून काही घेतले नव्हते, म्हणून निरोप सोपा गेला. पाट्यांची अक्षरे पुढच्या वर्षावर टाकली, आणि ज्या दुकानदारांनी शिडी दिली होती त्यांना तसे सांगून आलो.

येथे कोणी विचारील, की जे काम केवळ स्वतःच्या आनंदासाठी आहे, ज्यात कोणाचे काही उचललेले नाही, त्याचे काय? त्याला मी खेळ म्हणेन. खेळ केव्हाही मोडावा. त्याचा हिशेब मागणारा कोणी नाही, आणि तो नसावाच. पण खेळाला कार्य म्हणून मिरवू नये, आणि कार्य अडले म्हणून त्याला खेळ म्हणू नये. या दोहोंतला भेद ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: या कामासाठी कोणी आपला वेळ, आपले शब्द किंवा आपला हात माझ्यापुढे धरला आहे काय? धरला असेल, तर ते काम मी निवडलेले असूनही माझे एकट्याचे नाही. त्याची मुदतही मग मनाला येईल ती नव्हे. मुठीची मुदत खुरपणीच्या आधी संपते, कारण खुरपणी माझ्यासाठी थांबणार नाही.