सही जुळत नाही

मी मूळचा कशेडीचा. गणपतीत आमच्याकडे आरतीची टोळी घरोघर फिरते. आरती पाठ नसेल तर टाळ वाजवावा, टाळ मिळाला नाही तर नुसते ओठ हलवावेत! ही विद्या वसईच्या बिऱ्हाडी नाताळात कामी येईल असं काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी कॅरल गाणारी मंडळी दाराशी आली आणि आमच्या सौभाग्यवतींनी सगळ्यांना आत बसवूनच घेतलं. समोरचे अंकल म्हणाले, "भाऊ, तुम्हीपण म्हणा!"

मी पडलो बँकेतला कारकून. सही जुळली नाही की चेक परत! तोंडात येशू, मनात गणपती, ही सही जुळायची कशी?

तेवढ्यात 'जिंगल बेल्स' निघालं. १८५७ सालच्या या गाण्यात येशू नाही, नाताळही नाही. आहे ती एका घोड्याची बर्फावरची गाडी. बर्फ तर आमच्यापैकी एकानेही फ्रीजबाहेर पाहिला नव्हता. मी गळा मोकळा सोडला.

मग 'सायलेंट नाइट'. १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला पहिल्यांदा गायलेलं. इथे मात्र पळवाट नव्हती. बाळ होतं, आई होती. पण निजलेल्या बाळापाशी आवाज हळू करायला धर्म कशाला विचारायचा? मी हळूच गायलो.

पुढच्या भाद्रपदात अंकल आमच्या आरतीला आले. नुसते ओठ हलवत होते. मी माझा टाळ त्यांच्या हातात दिला.