पिष्टपशू आणि परंपरेचे रक्षण

परंपरा पुढील पिढीच्या हाती द्यावयाची म्हणजे नेमके काय द्यावयाचे, हा प्रश्न केरळातील पांजाळ या गावी १९७५ च्या एप्रिलमध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. तेथे नंबुदिरी वैदिकांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले. पक्ष्याच्या आकाराची, पाच थरांची, हजाराहून अधिक विटांची वेदी रचिली गेली. हा विधी लोपण्याच्या मार्गावर आहे असे जाणून फ्रिट्स स्टाल या डच पंडितांनी तो योजिला व त्याचे चित्रीकरण करविले. विधीत बोकडांचा वध विहित होता. त्यास लोकांतून तीव्र विरोध झाला आणि पशूंच्या जागी केळीच्या पानांत गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे पुडे अर्पिले गेले.

येथे पूर्वपक्ष असा : विधीचे एक अंग पालटले की विधीच पालटला; मग रक्षण ते कशाचे? स्टाल यांचे मत तर याहून कठोर. १९७९ च्या निबंधात ते म्हणतात की विधीला अर्थ नसतो, नियम हेच त्याचे सर्वस्व. हे मान्य केल्यास पिठाचा पशू हा केवळ नियमभंग ठरेल. परंतु त्या बारा दिवसांत वैदिकांनी आपण अग्निचयनच करीत आहोत असे मानिले. म्हणजे कोणते अंग सोडता येते व कोणते नाही, याचा विवेक नियमाबाहेर कोठेतरी होताच. पिष्टपशूचा पुरस्कार मध्वाचार्यांनीही पूर्वीच केला होता.

मात्र प्रत्येक पालट या कोटीतला नव्हे. जीव वाचविण्यासाठी केलेला पालट निराळा, आणि वेळ वाचविण्यासाठी मंत्र गाळणे निराळे. पहिल्यात दुसऱ्याचे दुःख टळते, दुसऱ्यात केवळ आपले श्रम. जटा, घन इत्यादी पाठांत पदे उलटसुलट म्हणण्याचा खटाटोप एक अक्षरही ढळू नये म्हणूनच योजिलेला आहे. तेथे सवलत मागणाऱ्यास दयेची साक्ष काढता येणार नाही.

उरतो प्रश्न घेणाऱ्याचा. केशोबास संस्कृतात रचना करू पाहत असता नागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले, ते म्हाताऱ्या साधिका ज्ञानास अंतरतील म्हणून. जतन कोणासाठी, हा विचार त्यांनी भाषेच्या प्रतिष्ठेआधी केला. चित्रफितीत वेदी दिसते, स्वरही ऐकू येतात. पण चुकलेला स्वर तिला सुधारता येत नाही. त्याला समोर बसलेला गुरूच लागतो. २०११ मध्ये पांजाळ येथे हा याग पुनश्च झाला, तो असा पाठ मुखोद्गत असलेले वैदिक अद्याप होते म्हणून.